गाल फुगव, अश्विनी

अश्विनी, आज शनिवार आहे. अकरा वाजून गेले आणि तुझी खुर्ची रिकामी आहे. तू जाऊन सोळा दिवस झाले, तेरवीची जेवणं झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आज मी पार्लरचं शटर वर केलं. गिऱ्हाईक अजून कुणी नाही. ताईचं दुःख ओलं आहे, चार दिवस थांबू, असं बायकांना वाटत असेल. बरंच आहे. म्हणून अपॉइंटमेंटची वही ओढली आणि मागच्या कोऱ्या पानावर तुला लिहायला बसले. पुढच्या पानांवर प्रत्येक शनिवारी अकरासमोर माझ्याच अक्षरात 'अशू' लिहिलंय. ती पानं उघडवत नाहीत.

मी तुझ्या मंगेशला सांगितलं. आधी तेवढं कळवते, म्हणजे तुला रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे. तुझ्या मिनूच्या डोक्यावर माझा हात ठेवून तू मला शपथ घातली होतीस, ती मी मोडली. तो काय बोलला तेही लिहीन. पण त्याआधी मला सगळं एकदा नीट पहिल्यापासून आठवायचं आहे, कारण या सोळा दिवसांत मी ते उलटंसुलटं इतक्यांदा आठवलंय की डोकं फुटायची वेळ आली.

खरं सांगू? तू माझ्या भावाची बायको म्हणून आलीस तेव्हा मला मुळीच आवडली नव्हतीस. रामाकोन्याच्या संत्रेवाल्यांची एकुलती लेक, तोंडाचा पट्टा सतत चालू. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तुझ्या भुवया करायला बसले, दोरा दातात धरला, तर तू भर मध्यात शिंकलीस आणि उजव्या भुवईचा कोपराच उडाला. सगळ्या लग्नाच्या फोटोत तुझी एक भुवई आखूड आहे. मी रडकुंडीला आले होते. तू मात्र येईल त्याला सांगत सुटलीस, "नणंदबाईनं पहिल्याच दिवशी काटछाट केली माही." त्या दिवसापासून तू मला आवडायला लागलीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. नणंदेनं असं सांगायचं नसतं, असा काहीतरी माझा समज होता.

मी गावातच दिलेली, माहेर दोन गल्ल्यांवर. त्यामुळे तू दिवसातून दोनदा तरी पार्लरला चक्कर मारायचीस. आईशी भांडलीस की यायचीस, आईनं लाड केले की सांगायला यायचीस. मंगेश शाळेत शिकवायला रोज सौंसरची बस धरायचा आणि तू त्याचा डबा भरून मोकळी व्हायचीस. लग्नाला चार वर्षं होऊन दिवस राहिले, तेव्हा आधी मला सांगायला आलीस, मंगेशला संध्याकाळी. यावरून तो आजही चिडवतो. चिडवायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होती. गावातले सगळे पुरुष जाम नदीवर, पलीकडून सावरगावचे, दरवर्षीसारखा एकमेकांवर दगडांचा पाऊस सुरू, आणि भोंग्यावरून पोलीस ओरडतायत. मंगेशसुद्धा 'नुसता पाहून येतो' म्हणून गेलेला. घरात बायकाच बायका. तू तोंडावर ओढणी घट्ट धरून माझ्याकडं आलीस. मला वाटलं दात दुखतोय. दार लावून घेतलंस आणि ओढणी खाली केलीस.

"ताई, हे पाहा नं. हे काय होऊन राहिलं मले?"

पाचवा महिना होता तुझा. हनुवटीवर, ओठावर, गालाच्या कडेला काळे राठ केस. लव नव्हती ती. अठरा वर्षं माझ्या हातात दोरा आहे अशू, मला लव आणि दाढी यातला फरक कळतो. तरुण पोरींच्या हनुवटीवर चार-सहा केस येतात, ते वर्षावर्षानं वाढतात. तुझे महिन्याभरात आले होते. हे मला तेव्हाच दिसलं. दिसलं आणि मी हसून काय म्हटलं?

"अवं, पोट्टा आहे पोटात! पोट्ट्याच्या मायले येतेच असं."

"डाक्टरीनबाईले दाखवू का? सोमवारी चेकअप आहे."

"दाढी घेऊन जाशील काय दवाखान्यात? चार बाया बसल्या राह्यतात बाहेर, हासतीन तुले. बस इकडं, दहा मिनिटांत साफ करून देते."

तू बसलीस. मी पावडर लावली, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि म्हटलं, गाल फुगव. तू गाल फुगवलास. बाहेर भोंगा ओरडत होता आणि आपण दोघी हसत होतो.

मग दर शनिवारी अकरा वाजता तू यायला लागलीस. सोमवारच्या चेकअपला तू गुळगुळीत चेहऱ्यानं जायचीस. डॉक्टरीणबाई तुझं वजन घ्यायच्या, बीपी घ्यायच्या, बीपी वाढलं म्हणून गोळी द्यायच्या, मीठ कमी करा म्हणायच्या. गरोदरपणात वाढतं बऱ्याच जणींचं. त्यांना मी काय दोष देऊ? जे त्यांना दिसायला हवं होतं ते दर शनिवारी माझ्या पार्लरच्या फरशीवर पडलेलं असायचं, आणि मी ते झाडून टाकायचे.

चेहरा भरला, गोल झाला, लालसर झाला. आई तर खूश. "तेज आलं पोरीले. पाह्य कशी पुनवेच्या चांदावानी दिसून राहिली!" हातपाय मात्र काड्यांसारखे होत चालले होते. दोरा जरा जोरात लागला की तिथं निळं पडायचं. मी कोरफड चोळून द्यायचे आणि म्हणायचे, तुझी कातडी नाजूक झाली बाई. माझ्या तोंडाला उत्तर तयारच असायचं. माझ्या धंद्यात बायकांना धीर द्यायची सवय लागते, काहीही दिसलं तरी 'काही नाही होत' असं जिभेवर असतं. ती जीभ मी कापून टाकली असती तर बरं झालं असतं.

डोहाळजेवणाचं आठवतं? दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. तू वाटी उचललीस, खाली बर्फी. म्हणजे मुलगी. एकीनंही टाळी वाजवली नाही. तेव्हा मीच पुढं झाले आणि म्हटलं, "चूक झाली, परत उचल. चेहऱ्यावर तं पोट्टा लिहिला आहे हिच्या." तू माझ्याकडं पाहून डोळे मिचकावलेस, दुसरी वाटी उचललीस, पेढा निघाला, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तुझ्या चेहऱ्यावरचं आपल्या दोघींनाच माहीत होतं असं मला वाटत होतं. आपलं एक गुपित आहे याचा मला केवढा आनंद होता!

आठव्या महिन्यात बीपी आवरेना, तेव्हा नागपूरला नेऊन पोट उघडून बाळ काढलं. मी बाहेर बाकावर बसले होते. नर्स आली आणि म्हणाली, मुलगी झाली.

अशू, त्या क्षणी मला कळलं. इतर कुणाला कळायचं कारण नव्हतं, पण मला कळलं. मुलगी आहे, तर मग दाढी कशाची? हा प्रश्न अगदी याच शब्दांत माझ्या मनात आला. आणि मी तो गिळला. आईला मिठी मारली, मंगेशला पेढे आणायला पाठवलं, तुझ्या कानात म्हटलं, "पोट्टी बापावर गेली असंन, म्हून तसं झालं." तू गुंगीत होतीस. तरी हसलीस.

बारशाला तू पाळणा म्हणायला लागलीस आणि आवाजच निघेना. निघाला तो घोगरा, पुरुषी. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खाली मांडी घालून बसलेली तू हात धरून उठवल्याशिवाय उठू शकली नाहीस. आईला वाटलं बाळंतीण अशक्त आहे, डिंकाचे लाडू वाढवले. जामसांवलीच्या हनुमंताला नारळ बोलली, तुला घेऊनही गेली. तिथल्या पायरीवर तू बसून राहिलीस आणि मला फोन केलास, "ताई, पायात जीवच नाही. दोन पायऱ्या नाही चढवून राहिल्या." त्या दिवशी मी शेवटी म्हटलं, सोनोग्राफी करून घेऊ.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे. अॅड्रिनल. मी चाळीस वर्षं जगले, मला माहीत नव्हतं की अशी काही वस्तू माझ्या अंगात आहे. तुझ्या डाव्या बाजूच्या त्या टोपीत गाठ होती. कॅन्सर. अंगातली रसायनं तीच बिघडवत होती. चेहऱ्याचं तेज तिचं, बीपी तिचं, दाढी तिची. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, संत्र्याएवढी आहे. तुझे बाबा, जन्मभर बागेत काढलेला माणूस, पुढं झुकून म्हणाले, "साहेब, संत्रं तं बारीकबी राह्यते आन मोठंबी राह्यते. केवढं?" डॉक्टरांनी हाताची मूठ करून दाखवली. बाबांनी ती मूठ पाहिली आणि मान खाली घातली. त्या हंगामात तुमच्याकडून पेटी आली ती आमच्याकडं कुणी फोडली नाही.

आणि मग डॉक्टरांनी तुला विचारलं, "चेहऱ्यावर केस कधीपासून?"

मी मिनूला घेऊन तुझ्या शेजारी उभी होते. मंगेश दाराशी. तू माझ्याकडं एकदा पाहिलंस. फक्त एकदा.

"बाळंतपणानंतर, सर. आता आताच."

त्यांनी लिहून घेतलं. मग तुझी हनुवटी बोटांनी चाचपली. आदल्याच शनिवारी दोरा फिरवलेला, काय सापडणार? तू हसून म्हणालीस, "घरचंच पार्लर आहे, सर." ते हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वेळी काही काढू नका. जसं आहे तसं दाखवा."

जसं आहे तसं दाखवा. एवढी साधी गोष्ट.

मी नंतर त्यांना एकटी जाऊन भेटले, हे तुला माहीत नाही. विचारलं, पाचव्या महिन्यात कळलं असतं तर? त्यांनी तुझी फाईल परत उघडली. म्हणाले, हा आजार फार वेगानं धावतो, दिवस राहिलेले असताना ओळखणं कठीण, इलाज करणं त्याहून कठीण. कदाचित फरक पडला असता. कदाचित नाही. मला त्यांनी खडसावलं असतं तर बरं झालं असतं. या 'कदाचित'चं मी काय करू? ते मला मरूही देत नाही आणि सुटूही देत नाही.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, चार महिने बरे गेले. त्या चार महिन्यांसाठी मी देवाची आभारी आहे, आणि देवाशी माझं सध्या बोलणं नाही तरी हे लिहिते. तू उठून बसायला लागलीस, आईशी भांडायला लागलीस, मिनूला मांडीवर नाचवायला लागलीस. मग फुप्फुसात निघालं. औषधांमुळे अंगावरचं दूध कधीच बंद झालं होतं, तू मिनूला वाटी-चमच्यानं भरवायचीस आणि थकलीस की चमचा माझ्या हातात द्यायचीस.

केस परत आले. या खेपेला मी म्हटलं, मी दोऱ्याला हात लावणार नाही. किती भांडलो आपण त्यावरून! तू म्हणालीस, "आता डाक्टरपासून काय लपवाचं राह्यलं, ताई? पोट्टीच्या ध्यानात दाढीवाली माय राहू द्याची काय तुमाले?" मग दर शनिवारी अकरा वाजता मीच तुझ्याकडं यायला लागले. उशीला टेकून तू बसायचीस, मिनू मांडीवर. मी अगदी हलक्या हातानं, पिसासारखा दोरा फिरवायचे. गाल फुगव म्हटलं की तू फुगवायचीस, मिनू त्यावर बोट दाबायची, फुस्स करून हवा जायची आणि ती खिदळायची. दहा मिनिटांच्या कामाला तास लागायचा. तुझा श्वास माझ्या तोंडावर यायचा, औषधाच्या वासाचा. आपण दोघी इतक्या जवळ दुसऱ्या कुठल्या कारणानं बसलो असतो?

शेवटच्या महिन्यात एकदा मी दोरा खाली ठेवला आणि म्हटलं, "मी मंगेशले सांगते."

"नाही सांगाचं."

"काहून? त्याले खरं कळू दे नं."

"ते तुमच्यासंग बोलणं सोडतीन. तुमचं तोंड नाही पाहतीन. मंग माही पोट्टी दिवसभर कोनाजवळ राहीन? आई थकल्या, माहेर रामाकोन्याले. तुमीच आहात नं."

"अशू, मले झोप येत नाही."

"नका येऊ देऊ. पोट्टीबी जागीच राह्यते, तिच्यासंग खेळा."

आणि मग माझा हात ओढून तू मिनूच्या डोक्यावर ठेवलास. त्या मनगटात जोर नव्हता, मी सहज सोडवून घेतला असता. घेतला नाही. कारण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सांगावं लागणार नाही, आणि वर दोषही माझा नाही, तूच शपथ घातलीस. मी इतकी लबाड आहे. तुला ते दिसलं असणार. तरी तू मला क्षमा केलीस की नाही, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तू 'काही नाही होत' म्हणाली असतीस, माझंच वाक्य मला परत दिलं असतंस, म्हणून भ्यायले.

तेरवीच्या संध्याकाळी मंगेश मोरीत मिनूची वाटी घासत होता. घासून झालेलीच परत घासत होता. मी मागं जाऊन उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, "मंगेश, तिले पाचव्या महिन्यापासूनच दाढी येऊन राहिली होती. मले माहीत होतं. मीच काढत होती दर शनिवारी. डाक्टरले तिनं खोटं सांगतलं, माह्यासाठी."

तो वाटी घासतच राहिला. मग मागं न पाहता म्हणाला, "मले माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"मीच पाठवत होतो तिले. तिचा गाल मले टोचला होता. मी हासलो. म्हटलं, दाढीवाल्या माणसासारखी दिसून राहिली, ताईकडे जाऊन येत जाय, शाळेतले लोकं घरी येतेत. ते रडली होती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गोटमार होती, मी पाह्यला गेलो." त्यानं नळ बंद केला. "मले शपथ घातली होती तिनं. म्हने, ताईले सांगू नका. ताईले समजलं तं त्या तुमचं तोंड नाही पाहतीन. मंग माही पोट्टी दिवसभर कोनाजवळ..."

पुढचं त्यानं सोडून दिलं आणि वाटी पालथी घातली. मला पाठ होतं.

म्हणजे डॉक्टरांच्या त्या खोलीत खरं ठाऊक असलेले आम्ही तिघं होतो, आणि तिघंही गप्प होतो. तुझी ती एक नजर मी माझ्यासाठी समजले होते. माझ्यानंतर तू दाराकडं पाहिलंस की नाही, मला आठवत नाही. मी मिनूकडं पाहत होते.

अशू, मला तुझा फार राग आला. अजून आहे. तुला एवढी अक्कल होती, एवढी माणसं ओळखत होतीस, दोघांना दोन शपथा घालून एका पोरीभोवती बांधून ठेवलंस, तर त्यातली थोडी अक्कल स्वतःसाठी का नाही वापरलीस? आम्ही दोघं तुला म्हणालो तोंड पूस, साफ कर, नीट दिस, आणि तू ऐकलंस. इतर कशात तू कुणाचं ऐकायची नाहीस. आईचं ऐकलं नाहीस, सासरचं वळण घेतलं नाहीस. नेमकं हेच का ऐकलंस?

आम्ही दोघं मोरीजवळ उभे राहून रडलो. तोंड पाहणं सोडलं नाही एकमेकांचं. तुझी भीती खोटी ठरली, किंवा तूच ती खोटी ठरवून गेलीस, मला समजत नाही. दुसऱ्या दिवशी मंगेशनं बस धरायच्या आधी मिनूला माझ्याकडं आणून सोडलं, दुधाची बाटली दिली आणि म्हणाला, "सहा वाजता येतो." रोज तसाच येतो.

मध्ये थांबले होते. गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या गल्लीतली शिक्षिका, भुवया आणि वरचा ओठ करायचा म्हणाली. सोळा दिवसांनी दोरा हातात घेतला. या धंद्यात परत बसायचं की नाही हे ठरत नव्हतं, पण बसले. एक ठरवलंय: कुणाच्या हनुवटीवर असं नवं, राठ काही दिसलं, तर दोरा बाजूला ठेवायचा आणि सांगायचं, आधी दवाखान्यात जा, जसं आहे तसं दाखव, मग माझ्याकडं ये. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं.

या बाईचं तसलं काही नव्हतं. तिला पावडर लावली, दोऱ्याचं टोक दातात धरलं. खाली सतरंजीवर मिनू पावडरचा डबा घेऊन खेळत होती. चौदा महिन्यांची झाली तुझी पोर. दोऱ्याचा तो बारीक आवाज तिनं ऐकला आणि डबा सोडला. माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली, तोंड वर केलं, डोळे मिटले आणि गाल फुगवला.

मी गिऱ्हाईकाला म्हटलं, थांबा हो जरा. दातातला दोरा काढला आणि तिच्या गालावर बोट दाबलं. फुस्स झालं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं दाराकडं पाहिलं, आणि परत गाल फुगवून उभी राहिली.